दुकानातले दोन संगणक आणि आबांचा सवाल

पत्र : सप्रेम नमस्कार. चोपडा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आमचं झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दुकान मी चालवते, मिस्टर शेती बघतात. दोन संगणक आहेत. एक आय-थ्री, चौथ्या पिढीचा, चार जीबी रॅमचा. दुसरा आय-फाइव्ह, आठव्या पिढीचा. दोन्हींवर विंडोज १० आहे आणि तिचा सपोर्ट संपला असं स्क्रीनवर सारखं येतं. आय-फाइव्हवर विंडोज ११ टाकायला गेलं तर ‘चालणार नाही’ म्हणतो. पत्रिका कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करते, मराठी टायपिंग श्रीलिपीत. प्रिंटर कॅननचा. जळगावचा हार्डवेअरवाला म्हणतो, दोन्ही भंगारात काढा, नवे घ्या, पंच्याऐंशी हजार होतील. भाचा इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणतो, मामी, लिनक्स टाका, एक रुपया लागत नाही. मोबाइलवर रोज हॅकिंगची नाहीतर एआयची बातमी येते आणि छातीत धस्स होतं. घरात वेगळंच. सासरे पेपर वाचून म्हणतात, ‘त्या चंद्रवर चालनात, नि आमले रातना बारा वाजता मोटर चालू कराले जानं पडस.’ नववीतल्या मुलाला अवकाशाचं वेड, तो जेवता जेवता आबांशी भांडतो. कोणाचं बरोबर? आणि संगणकांचं काय करू?

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी पैशाचं सांगतो. पंच्याऐंशी हजार आत्ता काढू नका. तुमचा एक संगणक अजून काही वर्षं दुकान सांभाळेल आणि दुसऱ्याला हलकं काम देता येईल. हार्डवेअरवाला तुम्हाला फसवतोय असं मी म्हणत नाही. त्याचा धंदा नवा माल विकण्याचा आहे, जुन्यावर अर्धा दिवस घालवणं त्याला परवडत नाही. भाचा मनापासून सांगतोय, पण तो तुमच्या खुर्चीवर पूर्ण दिवस बसलेला दिसत नाही. तुमच्या दुकानात दिवसभर नेमकं काय काम चालतं, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही, म्हणून मी तिथूनच धरतो.

सपोर्ट संपला म्हणजे काय झालं? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबवली. जुलै २०१५ मध्ये आलेली ही विंडोज दहा वर्षं चालली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, तसा पुढेही पडणार नाही. फॉर्म भरले जातील, प्रिंट निघतील. पण यापुढे तिच्यात एखादं भोक सापडलं तर ते बुजवायला कंपनी येणार नाही. हा धोका एका रात्रीत येत नाही, हळूहळू वाढतो. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला होता, तरी क्रोम ब्राउझरची अपडेट तिच्यावर २०२३ च्या सुरुवातीपर्यंत येत होती. म्हणजे आज रात्री झोप उडावी असं काही नाही. पण तुमच्याकडे गावाचे आधार आणि पासबुकं येतात, त्यामुळे दोन-तीन वर्षं तसंच रेटावं असंही नाही. घरगुती संगणकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तिची नोंदणी होते, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. घरी एखादा लॅपटॉप असेल तर त्याला ती घ्या. दुकानाचं मात्र पक्कंच करू.

आता आय-फाइव्ह. आठव्या पिढीचा आहे म्हणजे तो विंडोज ११ च्या यादीत बसतो, इंटेलची साधारण तिथूनच पुढची पिढी चालते. मग ‘चालणार नाही’ का म्हणतो? बहुतेक वेळा टीपीएम नावाची सुरक्षेची सोय बंद असते म्हणून. या पिढीच्या बहुतेक संगणकांत ती आतच असते, वेगळा भाग विकत आणावा लागत नाही, फक्त कोणी चालू केलेली नसते. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जा. सिक्युरिटी किंवा ॲडव्हान्स्डच्या पानावर पीटीटी (टीपीएमचंच इंटेलने दिलेलं नाव) असं लिहिलेलं दिसेल, ते एनेबल करा आणि सेव्ह करून बाहेर या. मग मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकट ॲप चालवून बघा. तरी सिक्युअर बूटची, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीची, तक्रार आली तर डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची असणार. ती बदलताना चूक झाली तर डेटा उडतो, तेव्हा ते काम बॅकअप घेतल्यावर आणि भाचा शेजारी बसलेला असतानाच करायचं. तुमची विंडोज १० परवान्याची असेल तर ११ साठी वेगळे पैसे नाहीत. कोरल, श्रीलिपीचं डोंगल (परवान्यासाठी यूएसबीला लावायची किल्ली), बोटाचे ठसे घेणारं मशीन असेल तर ते, हे सगळं या एकाच संगणकावर ठेवा.

त्यात अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. नव्या संगणकाच्या मानाने खर्च अगदी थोडा आहे आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. ‘हँग होतो’ म्हणून भंगारात गेलेल्या कितीतरी संगणकांचा प्रोसेसर ठणठणीत असतो, रखडत असते ती डिस्क.

आणि एप्रिल लागायच्या आत दोन्ही सीपीयू उघडून ब्लोअर मारून घ्या. आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, पत्र्याखालचा गाळा त्याहून तापतो. पंख्यावर धुळीचा थर बसला की संगणक आपोआप बंद पडायला लागतो. मग विंडोज खराब झाली म्हणून लोक फॉरमॅट मारत बसतात.

आय-थ्रीच्या बाबतीत भाच्याचं बरोबर आहे. चौथ्या पिढीवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. आडमार्गाने बसवायचे व्हिडिओ खूप आहेत, पण तशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, दुकानात तो खेळ नको. तिथे लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका, चार जीबीत ती बरी चालते. लिनक्स हे नाव ऐकून बिचकू नका. १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे काम आहे, आणि तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाइल त्याच गाभ्यावर चालतो. ब्राउझरमधलं जवळजवळ सगळं काम त्यावर होतं, म्हणजे सातबारा काढणं, परीक्षेचे फॉर्म, रेल्वेचं तिकीट, फोटो ५० केबीत बसवणं. अर्ज टाइप करायला लिबरऑफिस सोबतच येतं आणि युनिकोड (कुठल्याही संगणकावर वाचता येणारं) मराठी त्यात नीट चालतं.

पण भाचा जिथे घाई करतोय ती जागा श्रीलिपी आणि कोरलची आहे. दोन्ही लिनक्सवर चालत नाहीत. इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर कोरलच्या काही फाइली उघडतं, पण तुमची जुनी पत्रिका त्यात जशीच्या तशी येईल अशी आशा धरू नका. अक्षरं तर नक्की विस्कटतील, कारण जुन्या मराठी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. वैशाख-ज्येष्ठात पत्रिकांची घाई असते, नवरदेवाचे वडील काउंटरवर उभे असतात, आणि ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. ती वेळ येऊ द्यायची नाही. म्हणून एका संगणकावर विंडोज, एकावर लिनक्स.

दुसरी अडचण प्रिंटरची. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसतो. दणकट आहे, पण लिनक्ससाठी त्याचा जो ड्रायव्हर आहे तो जुना, आणि आजच्या लिनक्सवर बसवायला बरीच खटपट पडते. तुमचा तोच असेल तर लिनक्सवर पीडीएफ तयार करायची आणि प्रिंट विंडोजवाल्या संगणकावरून काढायची, असं जमवावं लागेल. काही टाकण्याआधी भाच्याला लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवायला सांगा. पेन ड्राइव्हवरूनच संगणक चालू होतो, डिस्कला हात लागत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना एक आधार प्रिंट करून बघा, एक पासबुक स्कॅन करा, एक फॉर्म शेवटपर्यंत भरा. जे अडलं ते कागदावर लिहा. त्या कागदावरून ठरवा.

पत्रिकांच्या सगळ्या फाइली आधी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क घरी ठेवा. इतक्या वर्षांची डिझाइनं हीच तुमची खरी पुंजी आहे, संगणक पुन्हा विकत मिळतो.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आधार पाठवतं, तुम्ही डाउनलोड करता, प्रिंट देता, दहा रुपये घेता. माणूस कागद घेऊन जातो. त्याचं आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान तुमच्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहतं. आत्ता उठून तो फोल्डर उघडा आणि खालपर्यंत सरकवत न्या, अर्ध्या गावाची कागदपत्रं दिसतील. कोणी स्वतःचं व्हॉट्सॲप वेब लावून गेलं असेल आणि लॉगआउट केलं नसेल. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना ब्राउझरने ‘पासवर्ड सेव्ह करू?’ विचारलं असेल आणि कोणीतरी ‘हो’ दाबलं असेल. विंडोज ११ टाका नाहीतर लिनक्स, हे दार तसंच उघडं राहतं. ज्यांना मोबाइलवर काही जमत नाही म्हणून ते विश्वासाने तुमच्याकडे येतात, त्यांचेच कागद आहेत हे.

रोज शटर ओढण्याआधी तो फोल्डर शिफ्ट-डिलीटने रिकामा करायचा. गिऱ्हाइकाचा फॉर्म इनकॉग्निटो खिडकीत भरायचा, म्हणजे खिडकी बंद केली की लॉगिन मागे राहत नाही. जिथे पूर्ण आधार क्रमांक लागत नाही तिथे शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार काढून द्यायचं, ते आधारच्या सरकारी संकेतस्थळावरूनच मिळतं. आणि विंडोज किंवा कोरल कोणी क्रॅक करून, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून, टाकून दिलं असेल तर तो संगणक आधी साफ करा. क्रॅक टाकताना पहिली सूचना असते, अँटिव्हायरस बंद करा. चोराला आणखी काय हवं? कोरलचा परवाना परवडत नसेल तर नव्या पत्रिका हळूहळू इंकस्केपमध्ये करायला शिका. युनिकोड फाँटमध्ये केल्या की त्या पुढे कुठल्याही संगणकावर उघडतील.

बातम्यांनी धस्स होतं म्हणता. बातमी वाचली की आधी बघायचं, यातलं माझ्या टेबलावर काय आहे? १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळ, बँका, दवाखाने ठप्प झाले, जवळपास ८५ लाख संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडे विमानाचे बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. लोक म्हणाले सायबर हल्ला झाला. हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने एक सदोष अपडेट सोडलं होतं, आणि ज्यांच्याकडे ते सॉफ्टवेअर होतं तेच संगणक बसले. ते मोठ्या कंपन्या घेतात, गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात ते नसतं. ती बातमी मोठी होती, तरी तुमच्या टेबलावर तिचं काही नव्हतं.

याउलट एआयची जी बातमी तुम्ही पुढे सरकवली असेल ती तुमच्या गल्ल्याला लागते. एआयसाठी मोठाली डेटा सेंटरं उभी राहताहेत, मेमरी चिपा बनवणाऱ्या कंपन्यांचा माल तिकडे वळला, आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्याबरोबर नवे संगणक आणि एसएसडीही महाग होत गेले. म्हणून हातातला धड संगणक टिकवण्यात आत्ता जास्त शहाणपण आहे, आणि जुन्याला रॅम वाढवायची तर ती कामापुरतीच घ्यायची. एआय उद्या पत्रिका करणाऱ्यांची रोजीरोटी खाणार का, यावर रोज नवं भाकीत येतं, त्यातलं निम्मं विकणाऱ्यांनीच केलेलं असतं. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला पत्रिका तर हवीच असते. पण निमंत्रकांत कोणाचं नाव आधी, मामांचं की काकांचं, हे तुमच्या काउंटरवर बसून ठरतं. ते काम एवढ्यात कुठे जात नाही.

आणि आकाशातल्या बातम्या. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या आकाशातून जळत्या रेषा गेल्या होत्या, तुमच्याकडेही व्हिडिओ फिरले असतील. उल्का म्हणाले, विमान म्हणाले, क्षेपणास्त्र म्हणाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. कक्षेत फिरत राहिलेल्या चिनी रॉकेटचा एक भाग खाली येताना जळत होता, असं जाणकारांनी लवकरच सांगितलं. पहिल्या तासात आलेलं फॉरवर्ड पुढे पाठवायचं नाही, दुसऱ्या दिवशीच्या पेपरपर्यंत थांबायचं, एवढं जरी घरात ठरलं तरी छातीतलं धस्स बरंच कमी होईल.

आता आबा. मुलाला माझ्या वतीने सांगा, आबांना कळत नाही असं म्हणायचं नाही. पौषातल्या थंडीत रात्री बारा वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं, पायाखाली विंचू-साप, आणि सातपुड्याच्या कडेच्या गावांत बिबट्याची भीती, हे ज्याने केलंय त्याला सरकारने पैसा कुठे खर्च केला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. ‘देशाचा अभिमान’ हे त्याचं उत्तर नाही. उत्तर हिशेबानेच द्यायला हवं.

हिशेब असा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागाला साधारण १३,४१६ कोटी रुपये होते. एकूण अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या वरचा. म्हणजे सरकारच्या शंभर रुपयांतले साधारण २६ पैसे, माणशी वर्षाला शंभर रुपयांच्या आत. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलेल्या चंद्रयान-३ ला जवळपास ६१५ कोटी लागले. ते उडवलं नसतं तर आबांच्या शिवारात दिवसा लाईट आली असती का? नसती आली. दिवसा वीज द्यायला शेतीचे फीडर, म्हणजे वीज नेणाऱ्या लाइनी, वेगळे लागतात, रोहित्रं लागतात, भर दुपारी पुरेशी वीज तयार व्हावी लागते. ते खातं राज्याचं आहे, आणि आबांनी सवाल तिथे लावून धरला पाहिजे. त्या सवालात मीही त्यांच्यासोबत आहे.

पण भर दुपारची वीज येणार कुठून? आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला माळावर १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे, शेतांत सौर पंप बसू लागलेत, दिवसाच्या विजेसाठी सौर फीडरची योजना चालू आहे. आता मुलाने आबांना हे सांगावं. कामाचा म्हणावा असा सिलिकॉनचा सौरघट १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. तो इतका महाग होता की जमिनीवर त्याला गिऱ्हाईक मिळेना. १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ हा छोटा उपग्रह सौरघट लावून वर गेला, आणि पुढे बरीच वर्षं उपग्रह हेच या घटांचं मोठं गिऱ्हाईक राहिले. तिथे पैसा मोजणारं कोणी होतं म्हणून ते सुधारत गेले, मग स्वस्त झाले, आणि आता विहिरीवर आले. रात्री बाराची फेरी ज्याने चुकणार आहे त्या यंत्राला सुरुवातीच्या दिवसांत अवकाशानेच पोसलं. आबांसारख्या शेतकऱ्याला ही गोष्ट पटेल असं मला वाटतं, कारण बियाण्यावर आधी खर्च करावा लागतो हे त्यांना कोणी शिकवायला नको.

हवामानाचं त्यांना आधीच माहीत असेल. मोबाइलवर ढगांचं जे चित्र दिसतं ते इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेल्या इन्सॅट-३डीएससारख्या उपग्रहांचं. वादळी पावसाचा इशारा आला की केळीच्या बागेला टेकू लावायला, काढणीला आलेला माल उतरवायला थोडा वेळ मिळतो. पण मुलाने इथे फुशारकी मारू नये. उपग्रहाला जिल्ह्यावरचा ढग दिसतो, आपल्याच बांधावरची गारपीट तो आदल्या दिवशी सांगू शकत नाही. केळी आडवी झालेल्या माणसाला ‘इशारा तर दिला होता’ म्हणणं क्रूरपणा आहे. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा नासा आणि इस्रोचा मिळून केलेला रडार उपग्रह गेला. ढगांतून आणि रात्रीही दिसेल अशा रडारने तो दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा बघतो. जमिनीतली ओल, पिकाखालचं क्षेत्र असल्या गोष्टींना त्याचा उपयोग आहे. त्याची माहिती आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयापर्यंत आणि विम्याच्या पंचनाम्यापर्यंत पोचते का, हा सवाल विचारत राहायला हवा.

कोणाचं बरोबर म्हणून विचारलंत, तर चंद्रयान आणि उपग्रहांच्या बाबतीत मी मुलाच्या बाजूचा. खर्च थोडा आणि त्यातून शिकलेलं टिकतं. सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२ चा लँडर कोसळला, पण त्याचं चंद्राभोवती फिरणारं यान कामाला राहिलं आणि चंद्रयान-३ शी संपर्कासाठीही वापरता आलं. माणूस पाठवण्याच्या बाबतीत मात्र आबांसारख्यांनी कठोरपणे विचारावं असं मला वाटतं. गगनयान कार्यक्रमाची मंजूर रक्कम २०२४ मध्ये वाढून २०,१९३ कोटी झाली, त्यात भारतीय अवकाश स्थानकाच्या पहिल्या भागाचं कामही आलं. देशाने ते करावं या मताचा मी आहे, पण इतका पैसा लागतो तिथे वेळापत्रक का सरकतं हे लोकांना सांगितलंच पाहिजे.

मुलाला भांडणापेक्षा काम द्या. इस्रोचा युविका कार्यक्रम नववीच्याच मुलांसाठी असतो, अर्ज इस्रोच्या संकेतस्थळावर ऑनलाइन, तेव्हा तो तुमच्याच दुकानातून भरा. पुढे तिरुवनंतपुरमला अवकाश विज्ञानाची आयआयएसटी ही संस्था आहे, तिच्या बी.टेक.साठी जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते. तो रस्ता जमला नाही तरी सगळं संपत नाही. इस्रोच्या केंद्रांत फिटर, टर्नर, इलेक्ट्रॉनिक्सवाले आयटीआय झालेले तंत्रज्ञ लागतात आणि त्यांची भरतीही निघते. हे आपल्याकडे मुलांना कोणी सांगत नाही, मला त्याचं वाईट वाटतं. असली कामं बंगळूर-पुण्याची, आपली नव्हेत, असं आबा म्हणाले तर त्यांना अमळनेरची आठवण द्या. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपासाठी निघालेली कंपनी पुढे संगणकाकडे वळली, तीच विप्रो. जुन्या अमळनेरकरांकडे तिचे शेअर होते हे आबांनी ऐकलेलं असणारच.

आणि एक दिवस आजोबा-नातवाला गच्चीवर पाठवा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किलोमीटर वरून जातं, दीड तासाला पृथ्वीभोवती एक फेरी. आपल्याकडून ते काही दिवस सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधी साध्या डोळ्यांनी दिसतं, न लुकलुकता सरळ सरकत जाणारा ठळक ठिपका. वेळ नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या मोबाइल ॲपवर मिळते. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला तिथेच १८ दिवस होते. खर्च पटो न पटो, दोघांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि मग पाहिजे तेवढं भांडावं. फक्त जेवणाच्या ताटावर नको, तेवढं तुम्ही दोघांनाही दटावून सांगा.

संगणकांचं या क्रमाने घ्या : आधी बॅकअप, मग डाउनलोड फोल्डर, मग बायोसमधलं पीटीटी, आणि लिनक्स सगळ्यात शेवटी. प्रिंटरच्या मागच्या बाजूला मॉडेल नंबर असतो, तो आणि स्कॅनरचा नंबर कळवा. लिनक्सवर कोणता चालेल, कोणता नाही, ते मी पुढच्या आठवड्यात सांगतो.